सीट कुणी पुढे सरकवली?

अकरा वर्षं झाली, मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते. इतक्या वर्षांत लिहिलेले बहुतेक सीन विसरले. एक मात्र विसरता येत नाही, आणि गंमत म्हणजे त्यात संवाद जवळजवळ नव्हतेच.

संध्याकाळची वेळ. नवरा बायकोला ऑफिसातून घ्यायला आलाय. ती गाडीचं दार उघडून त्याच्या शेजारी बसते आणि तिचे गुडघे समोर आपटतात. सीट चांगली चार बोटं पुढे आलेली आहे. म्हणजे तिच्याआधी तिथे तिच्याहून बुटकं कुणीतरी बसून गेलंय. ती खाली वाकते, सीटखालची दांडी ओढते, सीट मागे घेते. तो बघतो. ती काही विचारत नाही, तो काही सांगत नाही. सिग्नल हिरवा होतो.

कागदावर हा सीन पाऊण पानाचा होता. त्याच्यावर आम्ही साडेतीन महिने काढले.

स्टोरीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, "पण ती विचारत का नाही? नवराच आहे ना तिचा? शेजारी बसलाय." समोरून उत्तर आलं, "विचारलं तर ट्रॅक संपला." ट्रॅक म्हणजे काही आठवडे चालवायचा कथेचा एक धागा. हे उत्तर देणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याचं खरंच होतं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की गोष्टीला साधारण 22 मिनिटं उरतात. तशी 22 मिनिटं आठवड्यातून सहा वेळा भरायची असतात, आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येऊन आदल्या आठवड्याचा हिशेब मागतात. अशा वेळी संशयासारखा सोयीचा ट्रॅक दुसरा नाही. त्याला नवा सेट लागत नाही, नवा कलाकार लागत नाही, आउटडोअर लागत नाही. तोच हॉल, तीच बेडरूम, तेच दोन चेहरे आणि टेबलावर पालथा ठेवलेला एक फोन. कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर गेला की सीन तयार. म्हणून लिहिणाऱ्यांच्या प्रत्येक खोलीत 'गैरसमजाचा ट्रॅक' अडीअडचणीला हाताशी ठेवलेला असतो. मी त्याच खोलीत बसते. तिथल्या लोकांची दमछाक मला ठाऊक आहे.

पण त्या साडेतीन महिन्यांत आम्ही काय केलं, ते सांगायला हवं. तिने विचारलं नाही याला आम्ही सोशिकपणा म्हटलं. ती एकटी रडली, त्याला समजूतदारपणा म्हटलं. त्याचा फोन वाजला की ती स्वयंपाकघराच्या दारात थबकायची, एकदा तिने त्याच्या शर्टाचे खिसे चाचपले, एकदा ऑफिसात खोटं नाव सांगून फोन केला, आणि या सगळ्याखाली आम्ही हळवं संगीत टाकलं. नायिकाच ती! शेवटी एक तासाचा महाएपिसोड झाला. नवऱ्याच्या ऑफिसातली ती बुटकी सहकारी स्वतः घरी आली. तिची तब्येत बरी नव्हती, म्हणून त्याने तिला दोनदा घरी सोडलं होतं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी, नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी, मिठी, फ्रीझ. त्याच्या तोंडी मी वाक्य दिलं होतं, "माझा आपल्या नात्यावर विश्वास होता." आकडे छान आले.

त्या रात्री मावशीचा फोन आला. ती माझ्या मालिका नेमाने बघते आणि बहुतेक वेळा नुसतं "छान झालं गं" म्हणते. त्या दिवशी तसं म्हणाली नाही. म्हणाली, "एक माणूस आणून उभा केलात आणि तिने मानलं. बरं. पुढच्या वेळी परत सीट पुढे असली तर?"

मला उत्तर देता आलं नाही. मावशीने हे का विचारलं, हे मला माहीत होतं, म्हणून तर आणखीनच देता आलं नाही.

माझे काका कधी मोठ्याने बोलले नाहीत. हात उचलणं तर लांबच. बाहेरच्या कुणालाही विचारलं असतं तर देवमाणूस म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं. मावशी शाळेत शिकवायची, येताना बसने यायची. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर कधीतरी काकांनी विचारलं, "आज उशीर?" बस उशिरा आली होती. तिने पर्समधून तिकीट काढून दाखवलं, बघा, वेळ छापलीय. त्यांनी खरोखर बघितलं. मावशी म्हणते, चुकलं ते तिथेच. मी हसण्यावारी दाखवलं आणि त्यांनी चष्मा लावून वाचलं.

त्यानंतर ती रोज तिकीट टेबलावर ठेवायला लागली. त्यांनी मागितलं म्हणून नाही हं. न ठेवलं तर त्यांची नजर टेबलाकडे जायची, ती जाऊ नये म्हणून. घरात शिरल्यावर आधी तिकीट, मग चपला काढायच्या, मग पाणी. काही वर्षांनी काकांच्या लक्षात आलं की तिकिटावर बसमध्ये चढल्याची वेळ असते, शाळेतून निघाल्याची नसते. मधली ती पंधरा-वीस मिनिटं कुठे गेली? मग मावशी शाळेतून निघताना फोन करायला लागली. मग फोन कुठून केला, हा प्रश्न आला. एकाही प्रश्नाला मावशीकडे उत्तर नव्हतं असं कधी झालं नाही. दरवेळी उत्तर होतं, पुरावा होता, तिच्या बाजूने होता. आणि दरवेळी त्या पुराव्याच्या पोटातून पुढचा प्रश्न जन्माला आला.

आम्हा मालिकावाल्यांचं इथे सपशेल चुकतं. आम्ही संशयाला कुलूप समजतो आणि पुराव्याला किल्ली. सीसीटीव्हीचं फुटेज, हरवलेलं पत्र, खरं बोलणारा साक्षीदार, यांतलं काही ना काही शेवटच्या भागात येतं आणि कुलूप खट्कन उघडतं. मी पाहिलेल्या घरात पुरावा रोज संध्याकाळी टेबलावर पडलेला असायचा.

आपल्या रंगभूमीकडे बघितलं की एका गोष्टीचं मला फार नवल वाटतं. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' केलं 1890 मध्ये. आणि 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' आलं 1893 मध्ये. पुढे 1916 मध्ये तेच संगीत होऊन 'संशयकल्लोळ' म्हणून गाजलं. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने नवरा-बायकोतला संशय एकदा खून करून दाखवला आणि एकदा खो-खो हसवून. मालमसाला जवळपास सारखाच. तिकडे एक रुमाल, इकडे एक तसबीर. 'संशयकल्लोळ'मध्ये चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते त्यांची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनराव तिला बघतात. दोघांनी जे पाहिलं ते खरंच घडलेलं असतं. अर्थ तेवढा चुकलेला.

मग एका नाटकात मरण आणि दुसऱ्यात हसू, हे कशाने? मी दोन्ही पुन्हा पुन्हा वाचली आहेत, आणि मला वाटतं की 'संशयकल्लोळ'मधली माणसं संशय पोटात ठेवत नाहीत. कृत्तिका तोंडावर बोलते, भांडते, फाल्गुनराव आरडाओरडा करतात, सगळा गोंधळ चव्हाट्यावर येतो आणि चव्हाट्यावर आल्यामुळेच एक दिवस सगळे समोरासमोर उभे राहतात. ऑथेल्लोचा संशय मात्र एका खोलीत, एकाच माणसाच्या कानगोष्टींवर वाढतो. ज्या बाईबद्दल तो आहे, तिला सोडून.

त्या रुमालाचं एक तर मला दरवेळी नव्याने टोचतं. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून त्याची बायको डेस्डिमोना त्याच्या कपाळाला रुमाल बांधायला जाते. तो म्हणतो, लहान आहे हा, आणि बाजूला सारतो. रुमाल तेव्हा पडतो. त्याच्याच हाताने सारल्यामुळे. पुढे ज्या रुमालासाठी तो तिचा जीव घेतो, तो तिच्या हातून का सुटला, हे त्याच्या लक्षातही नसतं. नंतर तो तिच्याकडे रुमाल मागतो, आणि त्याचा तो सूर ऐकून ती घाबरून सांगते की हरवलेला नाही. तिचं आयुष्यातलं कदाचित पहिलंच खोटं, आणि ते त्याच्या संशयाने तिच्याकडून बोलवून घेतलेलं. आता तो म्हणू शकतो, बघा, खोटं बोलते.

मावशीही शेवटी शेवटी खोटं बोलायला लागली होती. शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलाच्या वाढदिवसाला दहा मिनिटं डोकावून आली आणि घरी सांगितलं की बस चुकली. तिचं ते खोटं पकडलं गेलं नाही, पण मला सांगताना, इतक्या वर्षांनीसुद्धा, तिचा आवाज खाली आला. "त्या दिवशी मी त्यांना खरी ठरवलं," ती म्हणाली. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहितेय. मला वाटत होतं 'खरं ठरवलं' म्हणायचं असेल, पण ती स्वतःबद्दल बोलत होती: त्यांच्या मनात जी बाई होती, ती मी खरी ठरवली.

असं काही मी मालिकेत कधी लिहू शकले नाही. त्याला एक कारण असं की मालिका बघणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं. नायिका निर्दोष आहे, फोटो कुणी मुद्दाम पाठवला, दाराआड कोण उभं होतं, हे आपण सोफ्यावर बसून बघितलेलं असतं. त्यामुळे आपल्याला राग येतो, कळवळा येतो; संशय मात्र येत नाही. जी यातना दाखवायची, तिच्या आत प्रेक्षक एक मिनिटही राहत नाही. 'ऑथेल्लो'मध्येही आपल्याला सगळं माहीत असतं म्हणा, त्याचे कान भरणारा इयागो स्वतःच सांगतो. पण तिथे आपल्यासमोर एका धडधाकट माणसाचं मन ढासळत जातं. एकाच प्रवेशात. सुरुवातीला तो तिच्यावर जीव ओवाळतो आणि शेवटी गुडघे टेकून सुडाची शपथ घेतो.

2014 साली आलेल्या 'द अफेअर' या अमेरिकन मालिकेने यावर एक फार धीट तोडगा काढला. तेच प्रसंग दोनदा दाखवायचे, एकदा पुरुषाच्या आठवणीतून, एकदा बाईच्या. त्याच्या आठवणीत पुढाकार तिचा, तिच्या आठवणीत त्याचा. कपडेसुद्धा निराळे. आणि खरं कोणतं, ते मालिका सांगतच नाही. पहिल्यांदा बघताना मी चिडले होते. मग लक्षात आलं की मला जे होतंय, तेच तर संशयात जगणाऱ्याला होत असतं. उत्तर कुठेतरी असणारच, या भरवशावर रात्रंदिवस शोधत राहायचं.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर मी कुणावर तरी अन्याय करेन. प्रत्येक संशय खोटा नसतो. 2015 मध्ये बीबीसीवर 'डॉक्टर फॉस्टर' आली. नवऱ्याच्या मफलरवर एक सोनेरी केस सापडतो, तिथून सुरुवात. आणि बायकोचा संशय शंभर टक्के खरा निघतो. मित्रमंडळींना आधीपासून सगळं माहीत असतं, फक्त तिला नसतं. ती वेडी नाही, भ्रमिष्ट नाही, तिचं बरोबर आहे. तरी मला त्या मालिकेतली सगळ्यांत भयंकर गोष्ट नवऱ्याची वाटली नाही. ही बाई डॉक्टर आहे. आपल्याकडे आलेल्या एका पेशंट मुलीला ती झोपेच्या गोळ्यांच्या बदल्यात नवऱ्याच्या मागावर धाडते. खरा असलेला संशयसुद्धा माणसाकडून काय काय करवून घेतो, ते तिथे दिसतं. मी तिला दोष देत नाही. तिला सरळ उत्तर मिळालं असतं तर ती तिथपर्यंत गेली नसती.

कारण याच्या उलटा अत्याचारही असतो. हल्ली सर्रास वापरला जाणारा 'गॅसलाइटिंग' हा शब्द 1938 च्या एका इंग्रजी नाटकावरून आला. रोज रात्री नवरा चोरून वरच्या मजल्यावर जाऊन दिवे लावतो, त्यामुळे खाली बायकोच्या खोलीतला गॅसचा दिवा मंदावतो. तिला ते दिसतं. तिचं डोकं फिरत चाललंय, हे तो तिच्या मनावर ठसवत राहतो. म्हणून 'विश्वास ठेव, विचारू नकोस' असं कुणी म्हणालं की मला ते अजिबात पटत नाही. विचारलंच पाहिजे. दिवा मंद झाला असेल तर तो मंद झालाय, असं म्हणता आलं पाहिजे.

विचारणं वेगळं आणि तपासणं वेगळं. काका आयुष्यभर विचारत होते असं वरवर दिसतं, पण त्यांनी खरं म्हणजे एकदाही विचारलं नाही. ते तपासत होते. "आज उशीर?" या प्रश्नाला त्यांना मावशीचं उत्तर नको होतं, तिकीट हवं होतं. "मला भीती वाटते गं, तू मला सोडून जाशील अशी," हे त्यांनी म्हटलं असतं तर? मावशी म्हणाली, "तर मी रडले असते आणि मग तिकीट फाडून टाकलं असतं." ते वाक्य त्यांना चाळीस वर्षांत जमलं नाही. आमच्या कुठल्याही नायकाला आम्ही ते लिहून दिलं नाही, हेही खरं. आमचे नायक संशय आला की गाडी जोरात चालवतात.

काकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मावशी माझ्याकडे राहायला आली. मी दार उघडलं. तिने आत येऊन टेबलावर बसचं तिकीट ठेवलं आणि मग चपला काढल्या. मी बघतेय, हे तिला कळलं. तिने तिकीट उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, "राहू दे."

ती झोपल्यावर मी जुनी फाइल उघडून तो पाऊण पानाचा सीन शोधला. चित्रित होऊन, दाखवून, लोक विसरूनही गेलेला सीन. कुणी मागितला नव्हता, तरी पुन्हा लिहायला बसले. या वेळी तिला विचारू दिलं. ट्रॅक संपतो म्हणाले होते ना? मी लिहीत गेले आणि तो संपेना. जेवढा आला तेवढा इथे देते.

ती गाडीत बसते. गुडघे आपटतात.

ती : सीट कुणी पुढे सरकवली?

तो : ऑफिसमधल्या एकीला घरी सोडलं. बरं नव्हतं तिला.

ती : मला सांगितलं नाहीस.

तो : नाही.

ती : का?

तो : मागच्या वेळी सांगितलं होतं. तू दोन दिवस बोलली नव्हतीस.

(सिग्नल हिरवा. मागून हॉर्न. तो गाडी पुढे काढून कडेला घेतो. इंजिन बंद करतो.)

ती : त्या दोन दिवसांत तू एकदाही विचारलं नाहीस, का बोलत नाहीस म्हणून.

तो : घाबरलो होतो.

ती : कशाला?

(तो गप्प. ती वाट बघते. सीट अजून पुढेच आहे. ती दांडीला हात लावत नाही.)